संवाद, अपहरण आणि टक्केवारी : शोधनियतकालिकांच्या प्रकाशननीतीचा तौलनिक विचार

१

शोधनियतकालिकांच्या नीतीचा प्रश्न भारतीय विद्यापीठांमध्ये प्रामुख्याने प्रशासकीय प्रश्न म्हणून दाखल झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांच्या नियुक्ती व पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. तत्पूर्वी २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे विद्यार्थ्यावर बंधनकारक केले होते. या दोन निर्णयांमुळे शोधनिबंध हा विद्याव्यवहारातील संवादाचा प्रकार न राहता पात्रतेचा दाखला ठरला. दाखल्याची मागणी वाढली, तशी दाखले पुरवणारी नियतकालिकेही वाढली. पुढे या वाढीला आवर घालण्यासाठी नियम, याद्या आणि संगणकीय तपासणी यांची व्यवस्था उभी राहिली. आज प्रकाशननीती म्हणून जे ओळखले जाते, ते बव्हंशी या व्यवस्थेचेच दुसरे नाव आहे.

या व्यवस्थेची समीक्षा आजवर मुख्यत्वे विज्ञानशाखांच्या अनुभवावरून झाली. साहित्याभ्यासाच्या, विशेषतः तौलनिक साहित्याभ्यासाच्या अंगाने तिच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. वस्तुतः एका संहितेतील शब्द वा अर्थ दुसऱ्या संहितेत आढळला असता त्या संबंधाला काय म्हणावे, हा तौलनिक साहित्याभ्यासाचा मूलभूत प्रश्न आहे. प्रभाव, अनुकरण, भाषांतर, रूपांतर, विडंबन, साम्य आणि चौर्य या संज्ञांमधील सीमारेषा आखणे हेच या विद्याशाखेचे काम. ज्या विषयात तिचा अधिकार सर्वाधिक, नेमका त्याच विषयातील निर्णय ती संगणकाच्या टक्केवारीवर सोपवत असेल, तर ती केवळ कार्यालयीन सोय म्हणता येणार नाही. आपल्याच ज्ञानाविषयीची ती उदासीनता ठरते.

२

जुलै २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक सचोटी व वाङ्मयचौर्य-प्रतिबंध यांविषयीचे विनियम अधिसूचित केले. त्यांतील वाङ्मयचौर्याची व्याख्या व्यापक आहे. दुसऱ्याचे लेखन अथवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणे, असा तिचा आशय आहे. म्हणजे शब्दांइतकीच कल्पनाही तीत अंतर्भूत आहे. मात्र शिक्षेची श्रेणी ठरवताना विनियम केवळ साम्याच्या प्रमाणाकडे वळतात. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून त्यास दंड नाही. १० ते ४० टक्के ही पहिली पातळी, ४० ते ६० टक्के ही दुसरी आणि ६० टक्क्यांपुढे तिसरी. शोधविद्यार्थ्याला पहिल्या पातळीवर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो, दुसऱ्या पातळीवर एक वर्षापर्यंत तो सादर करता येत नाही आणि तिसऱ्या पातळीवर नोंदणीच रद्द होते. अध्यापकाच्या बाबतीत वेतनवाढ आणि मार्गदर्शनाचा अधिकार यांवर गदा येते. स्रोत नोंदवून दिलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश आदी भाग या मोजणीतून वगळण्याची तरतूद आहे.

व्याख्या आणि मापन यांच्यातील अंतर येथे स्पष्ट होते. व्याख्येत कल्पनेची चोरी आहे. मापनात मात्र कल्पनेला स्थान नाही, कारण कल्पनेची टक्केवारी काढता येत नाही. जे मोजता येते तेवढेच दंडनीय, आणि जे दंडनीय तेवढेच अनैतिक, अशी एक धारणा यातून नकळत रूढ होते. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातील संभाषण ‘हा विचार कोणाचा?’ या प्रश्नावरून ‘साम्य किती आले?’ या प्रश्नावर येते. आलेले साम्य शब्द फिरवून कमी करण्याची कला मग संशोधनकौशल्याचा भाग म्हणून शिकवली जाते. नियमाचा हेतू सचोटीचा असला, तरी त्याची व्यवहारातील परिणती अशी उलट दिशेने होऊ शकते.

३

संहितांमधील साम्याचा सूक्ष्म विचार भारतीय काव्यशास्त्रात एक सहस्रकापूर्वी झालेला आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या वचनांतील सारखेपणास ‘संवाद’ अशी संज्ञा दिली आणि त्याचे तीन प्रकार सांगितले. प्रतिबिंबासारखा, चित्रासारखा आणि समान देह असलेल्या दुसऱ्या व्यक्तीसारखा. प्रतिबिंबाला स्वतःचे अस्तित्व नसते. चित्राला असते, पण ते तुच्छ असते. सारखे दिसणाऱ्या दुसऱ्या देहाला मात्र स्वतःचा प्राण असतो. म्हणून पहिले दोन प्रकार त्याज्य आणि तिसरा ग्राह्य. साम्य किती, हा प्रश्न आनंदवर्धन विचारीत नाही. नव्या रचनेला स्वतःचा आत्मा आहे की नाही, हा त्याचा निकष आहे.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हाच विचार अधिक विस्तारला. १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात शब्दहरण आणि अर्थहरण यांची स्वतंत्र चर्चा आहे. अर्थाचे वर्गीकरण करताना राजशेखर तीन कोटी मानतो. ज्याचे उगमस्थान उघडपणे दुसरीकडे आहे तो अन्ययोनी, ज्याचे उगमस्थान झाकले गेले आहे तो निह्नुतयोनी आणि ज्याला पूर्वउगमच नाही तो अयोनी. प्रतिबिंबकल्प व आलेख्यप्रख्य हे प्रकार पहिल्या कोटीत पडतात. तुल्यदेहितुल्य व परपुरप्रवेशसदृश हे दुसऱ्या. कवींचेही त्याने वर्ग केले आहेत : स्वतः निर्माण करणारा, दुसऱ्याचे बदलून घेणारा, झाकणारा आणि सरसकट गोळा करणारा.

या वर्गीकरणाचे आजच्या प्रकाशननीतीशी नाते जोडताना एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा लागतो. राजशेखराची चर्चा काव्याची आहे, शास्त्राची नव्हे. काव्यात उगम झाकणे हे कौशल्य ठरू शकते. पूर्वसूरींचा अर्थ नव्या देहात असा मिसळावा की त्याचा मूळ पत्ता लागू नये, ही कवीची सिद्धी होय. शोधनिबंधात मात्र उगम दाखवणे हेच सचोटीचे लक्षण आहे. दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्हांत, नावानिशी, जसेच्या तसे देणे हे प्रतिबिंबच. परंतु शोधलेखनात ते सर्वाधिक प्रामाणिक कृत्य आहे. याउलट दुसऱ्याचा युक्तिवाद, त्याची उदाहरणांची निवड, त्याच्या निष्कर्षाचा क्रम घेऊन त्यांना स्वतःच्या शब्दांचा देह देणे हे काव्याच्या मापाने श्रेष्ठ प्रतीचे, तर संशोधनाच्या मापाने गंभीर अपहरण आहे. काव्यातील गुण येथे दोष होतो आणि काव्यातील दोष येथे निर्दोष होतो.

टक्केवारीची मर्यादा या उलटापालटीतून नेमकी कळते. संगणकीय तपासणीला प्रतिबिंब दिसते. चित्र तिला अंशतः दिसते. समान देह आणि परपुरप्रवेश तिच्या दृष्टीच्या पलीकडे राहतात. शोधलेखनातील सर्वांत गंभीर चौर्य मात्र याच दोन रूपांत घडते. एखाद्या संहितेचे बारकाईने विवेचन करणाऱ्या, म्हणून पुष्कळ अवतरणे देणाऱ्या अभ्यासकाला तपासणीच्या अहवालाचे स्पष्टीकरण द्यावे लागते. दुसऱ्याचा सबंध विचार शब्द पालटून मांडणाऱ्याचा अहवाल मात्र निर्मळ येतो.

४

भाषा बदलली की हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. एका भाषेतील निबंध दुसऱ्या भाषेत नेला असता त्यातील एकही शब्द मूळ संहितेतील शब्दाशी जुळत नाही. शब्दसाम्यावर आधारलेल्या तपासणीला भाषांतरित चौर्य म्हणजे मौलिक लेखनच वाटते. भारतीय भाषांतील समीक्षेचा मोठा भाग इंग्रजीतील सिद्धांतनाशी व्यवहार करीत असल्यामुळे ही वाट येथे विशेष रुळलेली आहे. ‘पाश्चात्त्य समीक्षकांच्या मते’ असा मोघम निर्देश करून पुढची दहा पाने एकाच ग्रंथातील प्रकरणाच्या आधारे लिहायची, ही रीत मराठीच्या वाचकाला अपरिचित नाही. यंत्रभाषांतर सहज उपलब्ध झाल्यापासून त्यासाठी भाषाज्ञानाचे कष्टही उरलेले नाहीत.

या संदर्भात मराठीतील एका जुन्या परंपरेचे स्मरण उपयुक्त ठरते. गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले ते शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे रूपांतर म्हणूनच. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’वरून आले, तेही या नात्याची ओळख ठेवून. पात्रांची नावे, स्थळे, सामाजिक वातावरण सारे बदलले, तरी मूळ कृतीशी असलेले नाते हा त्या रूपांतरांच्या प्रतिष्ठेचाच भाग राहिला. ऋण मान्य केल्याने रूपांतरकाराचे कर्तृत्व उणावत नाही, किंबहुना ते नेमके कोठे आहे हे वाचकाला त्यामुळेच पाहता येते, हा विवेक सर्जनशील साहित्याच्या क्षेत्रात होता. समीक्षेच्या क्षेत्रात तो सातत्याने रुजला असे म्हणता येत नाही. नाटककाराने ‘आधारित’ असे लिहावे ही अपेक्षा ज्या समीक्षकाने बाळगली, त्याने स्वतःच्या सिद्धांतनाविषयी तीच अपेक्षा पाळली का, हा प्रश्न म्हणून विचारार्ह आहे.

उलट दिशेची वाहतूक अधिक अलक्षित राहिली आहे. ‘काव्यमीमांसे’त राजशेखर आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत नोंदवतो. अपहरणाला कोणती कारणे पुढे केली जातात, त्यांची यादीच तिने दिली आहे. तो अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे. ते जाणणारे आता उरलेले नाहीत. त्याचा कर्ता दूर देशी आहे. अशी ही कारणे आहेत. ही अनुमती म्हणून वाचावी की उपरोध म्हणून, याविषयी मतभेद संभवतो. मात्र अपहरण हे सत्तासंबंधांच्या उतरंडीवर घडते, हे तिने ज्या स्पष्टपणे ओळखले आहे, त्याला तोड नाही. अनादृत भाषेतून आदृत भाषेकडे नेलेल्या ज्ञानाला चोरी म्हणण्यासही कोणी शिल्लक राहत नाही, हे निरीक्षण आजच्या ज्ञानव्यवहाराला तंतोतंत लागू पडते.

मराठीतील एखाद्या विद्यापीठीय वा साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत तीस वर्षांपूर्वी मांडला गेलेला विचार इंग्रजी नियतकालिकात नव्याने मांडला गेला, तर तेथील परीक्षकाला तो नवाच वाटणार. मूळ पत्रिका कोणत्याही आंतरराष्ट्रीय सूचीत नसते, पुष्कळदा संगणकीय रूपातही नसते. चोरी झाल्याचे ज्याला कळेल त्याला तेथे आवाज नाही, आणि ज्याला आवाज आहे त्याला मराठी येत नाही. तपासणीचे यंत्र या विषमतेला तटस्थ नसते. ज्या भाषांचा संग्रह त्याच्याजवळ मोठा, त्या भाषांच्या लेखकांचे संरक्षण ते अधिक करते.

याला जोडूनच मध्यस्थ भाषेचा प्रश्न येतो. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. दिलीप चित्रे यांनी इंग्रजीत केलेली त्यांच्या कवितांची भाषांतरे २००७ मध्ये ग्रंथरूपाने आली. १९९२ मध्ये अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या संकलनाने मराठी दलित साहित्य भारतभरच्या आणि भारताबाहेरच्या अभ्यासकांपर्यंत नेले. ही भाषांतरे वाचून लिहिण्यात काहीच गैर नाही. तौलनिक साहित्याभ्यास त्याशिवाय अशक्यच आहे. गैर तेव्हा घडते, जेव्हा भाषांतरातील शब्दनिवडीवर युक्तिवाद उभा केला जातो आणि तो कवीच्या शब्दांविषयीचा म्हणून मांडला जातो. भाषांतरकाराचे नाव तळटीपेत असले तरी येथे त्याचे कर्तृत्व लोपते, आणि वाचनाच्या पुराव्याविषयी वाचकाची दिशाभूल होते. वैज्ञानिक शोधनिबंधात जे प्रयोग केले नाहीत त्यांची नोंद करणे अनैतिक मानले जाते; जी संहिता वाचली नाही तिच्या वाचनाचा आभास निर्माण करणे हे साहित्याभ्यासातील त्याचे समांतर रूप होय. कोणत्याही टक्केवारीत ते दिसणार नाही.

५

प्रकाशननीतीची दुसरी प्रशासकीय वाट याद्यांची आहे. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली. मे २०१८ मध्ये तीतून ४,३०५ नियतकालिके वगळण्यात आली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुण्यातील अभ्यासकांचा प्रमुख सहभाग असलेल्या पाहणीने, विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या व अन्य कोणत्याही सूचीत नसलेल्या तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असा निष्कर्ष काढला. येथे लक्षणीय बाब ही की, ही शिफारस कोणा बाहेरच्या ठगाची नव्हती, ती विद्यापीठांकडूनच आलेली होती. त्यानंतर ‘केअर’ या नावाने ओळखली जाणारी नवी यादी २०१९ पासून अमलात आली. तिचे विश्लेषणाचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चाले. यादीतील अस्सल नियतकालिकांची नावे व क्रमांक वापरून बनावट प्रतिकृती निघू लागल्या आणि त्यांविषयी इशारे देण्याची वेळ आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीही बंद केल्याचे जाहीर करून नियतकालिकांच्या निवडीचे निकष सुचवले व निर्णयाची जबाबदारी संस्थांकडे सोपवली. मधल्या काळात, २०२२ च्या विनियमांनी पीएच.डी.पूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्तीही काढून टाकली होती.

या घटनाक्रमाचा अर्थ केवळ धोरणातील धरसोड असा लावणे अपुरे ठरेल. यादी ही वाचनाला पर्याय म्हणून निर्माण होते. निवड समितीने निबंध वाचला, तर तो कोठे छापला हे दुय्यम ठरते. तो वाचायचा नसेल, तेव्हा नियतकालिकाचे नाव हाच पुरावा होतो. नाव पुरावा झाले की नावाची नक्कल होणे अटळ असते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर येथील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी तयार केलेली भक्षक प्रकाशकांची यादी जानेवारी २०१७ मध्ये मागे घेतली गेली, त्यापूर्वी तिच्यावरही निकषांच्या अपारदर्शकतेची टीका झाली होती. मान्यतेची यादी असो वा निषेधाची, दोहोंचे बळ एकाच गृहीतावर उभे असते. ते गृहीत म्हणजे, निबंधाची गुणवत्ता त्याच्या पत्त्यावरून कळते.

पत्ता प्रतिष्ठित असूनही निर्णय कसा चुकतो, याचे उदाहरण १९९६ मधील सोकल प्रकरणाने घालून दिले. भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल यांनी मुद्दाम निरर्थक दावे गुंफून लिहिलेला निबंध ‘सोशल टेक्स्ट’ या सांस्कृतिक अभ्यासाच्या प्रतिष्ठित नियतकालिकाने छापला, आणि लेखकाने स्वतःच ती फसवणूक जाहीर केली. त्या काळी हे नियतकालिक बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेत नसे. संपादकांच्या नंतरच्या स्पष्टीकरणानुसार त्यांना निबंधात बदल हवे होते. तरीही एका वैज्ञानिकाचे योगदान म्हणून तो स्वीकारला गेला. सोकल यांनी संपादकांच्या विश्वासाचा उपयोग फसवणुकीसाठी केला, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो केवळ विनोदाच्या नावाखाली बाजूला सारता येत नाही. तथापि तौलनिक साहित्याभ्यासाला या प्रकरणातून मिळणारा धडा वेगळा आहे. स्वतःला न येणाऱ्या भाषेतील विधानासमोर संपादकाने कोणती भूमिका घ्यावी? सोकल प्रकरणात ती भाषा भौतिकशास्त्राची होती. तौलनिक अभ्यासाच्या नियतकालिकात ती मराठी, कोंकणी, असमिया वा मल्याळम असू शकते. स्रोतभाषा न जाणणाऱ्या परीक्षकाने केलेले परीक्षण हे अर्ध्या निबंधाचे परीक्षण असते.

६

परीक्षणाची अनामिकता हाही नीतीचा सर्वमान्य दंडक समजला जातो. लहान भाषिक विद्याविश्वात मात्र अनामिकता पुष्कळदा औपचारिक राहते. शैलीवरून, विषयावरून, संदर्भांवरून लेखक ओळखू येतो आणि अभिप्रायावरून परीक्षकही. अशा ठिकाणी अनामिकतेचा आग्रह जबाबदारी झाकण्याचे साधन होऊ शकतो. मराठीत याहून वेगळा एक संपादकीय आदर्श दीर्घकाळ होता. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करून पुनर्लेखनाचा आग्रह धरीत. हे परीक्षण नावानिशी होते. त्यामागे विशिष्ट वाङ्मयीन अभिरुची होती आणि ती अनेकांना बाहेर ठेवणारी वाटली. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतील कवींनी ‘सत्यकथे’ची होळी केली ती त्याच कारणाने. परंतु निर्णय कोणाचा हे उघड असल्यामुळे विरोध कोणाला करायचा हेही उघड होते. यादीची वा टक्केवारीची होळी करता येत नाही, कारण तिच्यामागे उत्तर देणारी व्यक्ती नसते. ललित साहित्याच्या मासिकाचा आदर्श शोधनियतकालिकाला जसाच्या तसा लागू होत नाही हे खरे. तरी उत्तरदायित्व नावानिशी स्वीकारण्याचे तत्त्व दोघांना समान आहे.

१९९७ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी प्रकाशननीतीविषयक समिती स्थापन केली, तेव्हा तिचा प्रारंभ संपादकांसमोर आलेल्या प्रत्यक्ष प्रकरणांच्या चर्चेतून झाला होता. नियम नंतर आले. साहित्याभ्यासाच्या क्षेत्रात अशी प्रकरणनिष्ठ चर्चा अद्याप पुरेशी झालेली नाही. ती झाली तर काही दंडक या विद्याशाखेच्या आतूनच निघू शकतील. निबंधलेखकाने आपण कोणती संहिता मूळ भाषेत वाचली आणि कोणती भाषांतरातून, हे स्पष्ट नोंदवावे. ज्या भाषांतराच्या शब्दांवर युक्तिवाद आधारलेला आहे, त्याच्या कर्त्याचे नाव मजकुरातच यावे. प्रत्येक स्रोतभाषेसाठी किमान एक परीक्षक ती भाषा जाणणारा असावा. त्या भाषेतील पूर्वसमीक्षेचा शोध घेतला आहे का, हे त्याने आवर्जून पाहावे. चौर्य सिद्ध झाल्यास निबंध गुपचूप गाळू नये. मागे घेतल्याची सकारण सूचना त्याच नियतकालिकात, मूळ लेखकाच्या नावासह प्रसिद्ध करावी. तपासणीचा अहवाल हा परीक्षकाच्या वाचनाचा आरंभबिंदू म्हणून उपयोगात आणावा. त्यावरून निर्णय देऊ नये.

यांपैकी एकाही दंडकाला मोठा खर्च लागत नाही. लागतो तो वेळ, आणि दुसऱ्याचे लेखन शेवटपर्यंत वाचण्याची तयारी. आनंदवर्धनाने साम्याचा निवाडा करताना नव्या देहात प्राण आहे का, असे विचारले होते. शोधनिबंधाच्या बाबतीत त्या प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्न विचारणे भाग आहे : हा प्राण ज्यांच्याकडून आला, त्यांची नावे येथे आहेत का? अवंतिसुंदरीने नोंदवलेली कारणे, म्हणजे अप्रसिद्धी, अप्रतिष्ठा, अनादृत भाषा, आजही कायम असल्यामुळे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भारतीय भाषांतील अभ्यासकांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी, निधीअभावी रखडत चालणाऱ्या पत्रिकेत लिहिणाऱ्याचा विचार त्याच्या नावाने ओळखला जाणे, हा त्या उत्तराचा एक भाग होय. दुसरा भाग असा की, त्याच पत्रिकेतील उसना विचारही त्याच काटेकोरपणे उसना म्हणून ओळखला जावा. हे दोन्ही निर्णय वाचनानेच होऊ शकतात, आणि वाचन हे तौलनिक साहित्याभ्यासाचे स्वतःचे कार्यक्षेत्र आहे.